शनिवारी नऊला उमलणारी कळी

उन्हाळ्यातल्या लग्नाची फुलं मावशी डोळ्यांनी निवडत नसे, उन्हाने निवडत असे. दुकानावर गच्ची होती, गच्चीच्या कठड्याला लागून पत्र्याचा एक लांब तुकडा टाकलेला होता, आणि सकाळी आठच्या ठोक्याला ती त्या पत्र्यावर उमेदवार फुलं ओळीने मांडून ठेवी. पाणी नाही, सावली नाही, लाड नाहीत. मग तासातासाला वर जाऊन बघायचं, कोण तग धरून आहे आणि कुणी मान टाकली. दुपारी चारला जे ताठ असेल ते नवरीच्या केसांत जायच्या लायकीचं. बाकीची दिसायला कितीही देखणी असोत, ती खाली दुकानात विकायची.

"ही फुलांची निवड नाही गं मावशी," छोटी म्हणायची, "ही पोलीसभरती आहे."

छोटी म्हणजे मावशीच्या धाकट्या बहिणीची एकुलती एक मुलगी. सव्वीस वर्षांची झाली, नोकरीत दोन बढत्या मिळाल्या, तरी घरात ती छोटीच. लग्न तिचंच होतं. पुढच्या महिन्यातली तेवीस तारीख, ऐन उन्हाळा. गेले पाच रविवार ती सकाळी सकाळी येऊन गच्चीवर बसत होती. एकच मोठी काळी छत्री, तिच्याखाली मावशी नि भाची, मध्ये पाण्याची बाटली, आणि समोर पत्र्यावर भाजत पडलेली फुलं.

मावशीने फुलांना स्वभाव वाटून दिले होते. गुलाब म्हणजे श्रीमंताघरचा जावई, आला की सगळे उठून उभे राहतात आणि अकराच्या आत तो कशावरून तरी रुसतो. जरबेरा नुसता उंच, कमरेत दम नाही. मोगरा मायाळू, पण त्याची माया संध्याकाळपुरती. निशिगंध सोशिक, खालची फुलं गळाली तरी वरच्या कळ्या संसार पुढे ओढतात.

"आणि हा?" छोटीने लाल-पिवळ्या गलांड्याकडे बोट दाखवलं.

"तो? त्याला कुणी लग्नाला बोलवत नाही, आणि टिकतो मात्र तोच."

छोटी हसली नाही. बाटलीचं झाकण उघडून बंद केलं तिने, दोनदा. मावशीला वाटलं, ऊन लागलं पोरीला. तिने छत्री जरा तिच्या बाजूला कलती केली.

फुलांजवळ बसलं की मावशीच्या तोंडात आपोआप ओळी येत. कुणाच्या नव्हत्या त्या, तिच्याच. हात चालले की जुळत आणि हात थांबले की विसरून जात.

"पहिलं माझं फूल, उन्हापुढे वाकेना,
लाडकीच्या केसांमध्ये दिवस त्याला पुरेना..."

लहानपणी छोटी लगेच पुढची ओळ जोडायची. दुकानातल्या कामाच्या मेजाखाली, दोऱ्याच्या गुंडाळ्यांत आणि खुडलेल्या पानांत ती वाढली होती. आई कचेरीत, म्हणून दिवसभर मावशीकडे. मेजाखालून चिमणा आवाज यायचा: "दुसरं माझं फूल, मावशीचं ऐकेना, भूक लागली तरी त्याला खायला कुणी देईना!" आणि मावशी हसता हसता सुई बोटात टोचून घ्यायची.

मावशीला मूलबाळ नव्हतं. त्याचं तिने कधी रडगाणं केलं नाही. तिला हवं होतं ते एवढंच, की त्या दिवशी सकाळी छोटीच्या केसांत फूल आपल्या हाताने माळावं. हे ती कुणाला बोलली नव्हती. बोलायचं काय त्यात? दुसरं कोण माळणार होतं?

*

बुधवारी दुपारी ऊन आत येऊ नये म्हणून मावशीने शटर अर्धं खाली ओढलं होतं. ती बादल्यांतलं पाणी बदलत होती. छोटी वाकून आत आली आणि दाराशीच उभी राहिली.

"मावशी, एक लिली हवी होती. पांढरी."

"एकच? एवढी फुलवाली मावशी, आणि मागून मागून मागितलं काय, तर एक फूल!"

"केसांत लावून बघायची आहे. शनिवारी शिंपिणीकडे जायचंय ना, लग्नाचे कपडे घालून बघायला."

"मग घेऊन जा यातली कुठलीही. उमललेल्या आहेत चार."

"नको. कळी दे. शनिवारी सकाळी नऊला उमललेली असेल अशी."

मावशी हसली. "शिंपीण दहाच्या आत कुलूप काढत नाही. तिच्याकडे नऊला जाऊन काय पायरीवर बसणार?"

"या वेळी लवकर बोलावलंय तिने." छोटी बादल्यांकडे बघत बोलत होती. "आणि मावशी, चारपर्यंत टिकेल ना ती? नऊ ते चार?"

मावशीचा हात पाण्यातच राहिला.

कपडे घालून बघायला किती वेळ लागतो? अर्धा तास. शिंपीण बोलघेवडी, म्हणून तास धरू. चार हा आकडा शिंपिणीचा नव्हता. चार हा गच्चीवरचा आकडा होता, पत्र्यावरचा. नवरीचा.

"टिकेल," ती सावकाश म्हणाली. "सावलीत असलीस तर टिकेल."

"हॉलमध्ये... म्हणजे, तिथे गर्दीत चेपणार तर नाही ना?"

बाहेरून एक रिक्षा गेली. तिचा आवाज पार कोपऱ्यापर्यंत ऐकू आला.

"शिंपिणीच्या खोलीत गर्दी कसली गं?"

छोटी चपलेच्या टोकाने फरशीवरचं पाणी पसरवत राहिली.

"छोटे, इकडे बघ. शनिवारी किती माणसं आहेत?"

छोटीने वर बघितलं. लहानपणी काचेचं भांडं फोडून मेजाखाली लपली होती, तेव्हाचा तोच चेहरा.

"चारशे," ती म्हणाली.

मग ती भडाभडा बोलत सुटली. नवऱ्याची सुट्टी अलीकडे आली. नोकरी परगावी, पुन्हा सुट्टी मिळायची शाश्वती नाही. हॉल तेवढा एकच शनिवार रिकामा होता. त्या हॉलची सजावट त्यांचीच घ्यावी लागते, बाहेरचं एक पानही आत येऊ देत नाहीत. सगळं इतकं घाईत ठरलं. आई म्हणाली, ताईला आत्ता सांगायला नको, ती कष्टी होईल. मी म्हटलं होतं आईला, सांगू या. खरंच म्हटलं होतं गं मावशी. मग एक रविवार गेला, मग दुसरा गेला, आणि मग सांगणं अवघड होत गेलं.

मावशीने हात पदराला पुसले. "हे ठरलं कधी?"

"तू मागे अंगणात बिया पेरल्यास ना, त्याच्या पुढच्या आठवड्यात."

मागच्या अंगणात मावशीने तेवीस तारखेवरून मागे दिवस मोजत झिनिया नि सूर्यफुलं पेरली होती. तिने आता दुसरंच काही मोजलं. बोटांवर नाही, मनात. एक, दोन, तीन, चार, पाच.

"पाचही रविवार तुला माहीत होतं."

"हो."

"माझ्या छत्रीखाली बसून तू मला विचारत होतीस, हा टिकेल का, तो टिकेल का."

"मला यावंसं वाटायचं म्हणून येत होते मी." छोटी रडायला लागली. "आणि तुझं एक तरी फूल माझ्या अंगावर असावं म्हणून आज आले. खोटं बोलून का होईना. आईला माहीत नाही मी इथे आलेय ते."

यावर मावशीला काय वाटायला हवं होतं, तेच तिला कळेना. माया म्हणावी तर ती चोरपावलांनी आलेली. फसवणूक म्हणावी तर ती समोर नाक पुसत उभी. तिने शटर वर ढकललं. ऊन भसकन आत आलं.

"जा घरी," ती म्हणाली. "शुक्रवारी संध्याकाळी ये. कळी काढून ठेवते."

*

गुरुवारी धाकटी, छोटीची आई, आली; लेकीने रात्री तिला सगळं सांगून टाकलं होतं. चूक केलेली माणसं कधी कधी रागावूनच येतात, तशी ती आली. खुर्ची ओढून बसली, पर्स मांडीवर घेतली, आणि मावशीने तोंड उघडायच्या आत म्हणाली, "ताई, आता तू याचा बाऊ करू नकोस."

"मी अजून एक शब्द बोललेले नाही."

"तेच तर. तू बोलत नाहीस तेव्हा जास्त भीती वाटते." तिने रुमालाने मान पुसली. "तुला आधी सांगितलं असतं तर काय झालं असतं, ते तूच सांग. हॉलवाल्यांच्या छातीवर जाऊन बसली असतीस. चुलतभावाच्या लग्नात काय केलंस आठवतं? व्यासपीठावरचे गुलाब उपटून बाहेर नेऊन ठेवलेस!"

"सुकले होते ते."

"लग्न चालू होतं, ताई! नवरा-नवरी फोटोला उभे होते!"

दुसरी कुठली वेळ असती तर दोघी यावर पोट धरून हसल्या असत्या. धाकटीच्या ओठाचा कोपरा हललाही. मावशीचा हलला नाही, तसा तिने तो पुन्हा जागेवर आणला.

"आम्ही रविवारी दोघांना घेऊन येणारच होतो तुझ्याकडे. सगळं सांगणार होतो. झालं म्हटल्यावर तू राग गिळला असतास, ठाऊक आहे मला. आणि तेवीसला घरी आपली आपली माणसं बोलावली आहेत. तिथे सगळी तुझीच फुलं. तुझ्या मनासारखं करणार होतीस तू, कुणी आडवं येणार नव्हतं."

"म्हणजे लग्न तुमचं, आणि मला खेळायला एक वेगळं."

"असं नको गं बोलूस."

"मग कसं बोलू? शिकव." मावशीने समोरच्या निशिगंधाची एक काडी उचलली, खालची सुकलेली फुलं खुडली, पुन्हा पाण्यात ठेवली. "भांडले असते मी. तू म्हणतेस ते खरं आहे. एक दिवस भांडले असते. दुसऱ्या दिवशी त्याच हॉलच्या मागच्या दाराने आत शिरून त्यांच्याच फुलांवर पाणी मारत बसले असते. हे तुला माहीत नव्हतं? बावन्न वर्षं बहीण आहेस माझी."

धाकटी पर्सचा पट्टा पिळत राहिली.

"किती जणांना माहीत आहे?"

"ताई, जाऊ दे ना."

"किती जणांना?"

"सगळ्यांना," धाकटी हळू म्हणाली. "सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, ताईसमोर बोलू नका म्हणून."

मावशीला एकेक आठवायला लागलं. मागच्या आठवड्यात मामेबहीण हार घ्यायला आली नि पाचच मिनिटांत पळाली. काकूने फोनवर बोलता बोलता मध्येच विषय बदलला. छोटीची मैत्रीण दुकानाबाहेर तोंड भरून हसली आणि काही न विचारता निघून गेली. आपण ज्यांना घाईत समजत होतो ती सगळी गुपित सांभाळत होती. चारशे माणसं एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला ती, हातात बियांची पुडी घेऊन.

"अंगणातल्या रोपांनाही तारीख बदलल्याचं कुणी सांगितलं नाही," ती म्हणाली. "ती आणि मी, दोघंच काय ते राहिलो."

"आता तुला कळलंच आहे तर ये ना, ताई. शनिवारी नऊला. सरळ ये."

"'कळलंच आहे तर' हे काय बोलावणं झालं?"

धाकटी उठली. दारापर्यंत जाऊन थांबली. तिला अजून काही म्हणायचं असावं, पण एक गिऱ्हाईक आत येत होतं. त्याला वाट देता देता ती बाहेर पडली.

*

शुक्रवारी मावशीने लिलीची बादली पुढ्यात घेतली. तीन दांड्यांवर मिळून सात कळ्या.

लिलीची कळी आपला दिवस रंगातून सांगते. पूर्ण हिरवी असेल तर तीन दिवस. बुडाशी हिरवी नि टोकाला दुधाळ असेल तर दोन. सगळी पांढरी, पोट फुगलेलं, आणि पाकळ्यांच्या कडा नुकत्या एकमेकींपासून सुटायला लागलेल्या असतील, तर रात्र सरायचा अवकाश. तीस वर्षांत मावशीचा अंदाज एका तासाहून जास्त कधी चुकला नव्हता. गिऱ्हाइकांना ती जादू वाटायची.

तिचा हात दुधाळ टोकाच्या कळीकडे गेला. रविवारी उमलणारी कळी. दिसायला फारसा फरक नव्हता, छोटीला तर मुळीच कळला नसता. शनिवारी नऊला केसांत खोवली तर चारपर्यंत ती तशीच मिटलेली राहिली असती, ओठ घट्ट दाबून बसलेल्या माणसासारखी. चारशे माणसांत. प्रत्येक फोटोत. आणि रविवारी, सगळे निघून गेल्यावर, कुठल्यातरी टेबलावरच्या पेल्यात निवांत उमलली असती.

मावशीने ती कापलीसुद्धा. हातात धरून बराच वेळ बघितली.

पण हाताला खोटं काम जमेना. मन तयार होतं, अगदी पुढे सरसावून तयार होतं, हातच मागे सरत होता. तिने ती कळी परत पाण्यात सोडली आणि पांढरी, पोट फुगलेली कळी काढली. देठ तिरका कापला, टोकाला ओला कापूस गुंडाळला, वरून हिरवी पट्टी लपेटली आणि कळी एका डब्यात ठेवली.

छोटी आली तेव्हा सगळं मेजावर तयार होतं.

"आत्ता गार जागी ठेवायची," मावशी म्हणाली. "फ्रीजमध्ये नाही, नुसत्या गार जागी. सकाळी सहाला उजेडात आणायची. नऊपर्यंत उघडेल. उघडली की आतले पिवळे दांडे चिमटीने काढून टाकायचे, नाहीतर त्यांची पूड कपड्यावर पडते आणि डाग जात नाही. अंबाड्याच्या डाव्या बाजूला, दोन पिना आडव्या, एक उभी. कापूस दिसता कामा नये."

"मावशी, असं नको ना बोलूस."

"कसं?"

"दुकानातल्यासारखं."

"दुकानातच आहोत आपण."

छोटीने कळी उचलली नाही. "तू ये. तूच लाव. आईला, सगळ्यांना मी सांगते, मावशी आल्याशिवाय मी बाहेर येणार नाही म्हणून. तू ये फक्त."

हेच तर हवं होतं. शब्दाला शब्द, जसं मनात होतं तसं. आणि आता ते समोर आलं तर मावशीला ते उचलता येईना.

"येईन कुठून? त्या चारशे जणांमधूनच ना? त्यातला प्रत्येक जण माझ्याकडे बघून मनात म्हणणार, हिला कळलं वाटतं. आणि मी प्रत्येकाकडे बघून म्हणणार, तुला कधीपासून माहीत होतं? लग्न बाजूलाच राहील, छोटे. मी नुसती तोंडं वाचत फिरेन."

"एवढी रागावलीस माझ्यावर?"

"नाही म्हटलं तर खोटं होईल. आणि पाच रविवारांत तेवढं पुरेसं झालं." तिने कळीचा डबा उचलून छोटीच्या हातात दिला. बोटांना बोटं लागली. छोटीने ती धरून ठेवायचा प्रयत्न केला, मावशीने सोडवून घेतली. जोरात नाही. काट्यात अडकलेला पदर सोडवावा तशी, फाटू नये म्हणून जपून.

"आडव्या दोन," ती म्हणाली. "उभी एक. विसरू नकोस."

*

शनिवारी सकाळी मावशीने रोजच्या वेळेला दुकान उघडलं. पाणी बदललं, पानं खुडली, मेज पुसलं. मग पुन्हा पुसलं. फोन तिने गल्ल्यात ठेवून दिला होता. तो दोनदा वाजला आणि थांबला.

साडेआठच्या सुमारास एक बाई लेकीला घेऊन आली. लेकीचं लग्न होतं, पुढच्याच महिन्यात.

"सगळे घाबरवतात हो आम्हाला," बाई म्हणाली. "म्हणतात, या दिवसांत फुलं घेऊ नका, कापडी घ्या. पण हिला खरीच हवीत."

"खरी टिकतात," मावशी म्हणाली. "निवडून घ्यावी लागतात, एवढंच." आणि बोलता बोलता तिचं तोंड सवयीने पुढे चालू लागलं. गुलाब नको. मोगरा संध्याकाळच्या समारंभाला. हारांना निशिगंध. टेबलांवर झिनिया, सूर्यफूल. आवाज तिचाच होता, पण ती जरा लांब उभी राहून तो ऐकत होती.

"आणि केसांत?" मुलीने विचारलं.

"बस इथे."

मुलगी स्टुलावर बसली. दाट, जड केस होते तिचे, अजून ओलसर. मावशीने ते वर घेऊन साधा अंबाडा घातला. बादलीतून उमललेली एक लिली काढली, चिमटीने आतले पिवळे दांडे खुडले, देठ आखूड केला. अंबाड्याच्या डाव्या बाजूला फूल टेकवलं. भिंतीवरच्या घड्याळात नऊला दोन मिनिटं कमी होती. तिने बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं.

"अय्या, लागलंसुद्धा? कळलं नाही मला," मुलगी आरशात वळून म्हणाली.

"हलू नकोस. अजून पिना लावायच्या आहेत."

"काय हलका हात आहे हो तुमचा!" तिची आई म्हणाली. "लग्नाच्या दिवशी तुम्हीच या लावायला. खरंच या. आपल्या घरचं समजून."

मावशीने पहिली पिन आडवी खोवली. "तारीख काय?"

"अठरा."

"नक्की ना?"

बाईला हसूच आलं. लेकीकडे बघून ती म्हणाली, "ऐकलंस का? अहो, लग्नाची तारीख कधी कुणी खोटी सांगतं का?"

मायलेकी दोघी हसत होत्या. मावशीने दुसरी पिन ओठांत धरली होती, त्यामुळे तिला उत्तर द्यावं लागलं नाही.